फुलदाणी घेण्याआधी माळ्यावर चढा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी बैठकीची खोली कशी सजवावी, यावर पानभर मजकूर होता. फोटो देखणे होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते मधल्या फोटोबद्दल. 'व्हिंटेज लूक'ची पितळी फुलदाणी, तीत पांढरी ऑर्किड आणि गुलाबी लिलियम, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत फुलदाणीची किंमत तीन हजारांच्या वर! त्या फुलदाणीत आणि आमच्या घरच्या पाणी प्यायच्या तांब्यात फरक इतकाच, की तिचा गळा जरा ओढून लांबवलाय आणि जुनी दिसावी म्हणून तिला मुद्दाम काळवंडवलंय. आपोआप काळवंडलेला तांब्या कराडात निम्म्या घरांच्या माळ्यावर पालथा पडून असेल. तो खाली काढा आणि मंडईतून अ‍ॅस्टरची एक जुडी आणून त्यात ठेवा, एवढंच मला सांगायचंय. पण एवढंच लिहिलं तर तुम्ही छापणार नाही आणि वाचणाऱ्या करणार नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बीकर धुणं, स्लाइडा मोजून घेणं, सूक्ष्मदर्शकांची कपाटं लावणं असली कामं. फुलाझाडांशी संबंध म्हणायचा तर एका प्रयोगापुरता. तेरड्याची कोवळी डहाळी लाल शाईच्या पाण्यात उभी करायची. तेरड्याचं खोड पाणीदार, जवळजवळ आरपार दिसणारं, त्यामुळे शाई चढायला लागली की बाहेरूनसुद्धा लाल रेघा दिसतात. मग ब्लेडनं आडवा काप घेतला की त्या रेघांचे ठिपके होतात. खोडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या असतात, हे पोरांना डोळ्यांनी दिसावं म्हणून हा प्रयोग. दरवर्षी तो मांडता मांडता माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, जी सजावटीवर लिहिणारे सहसा सांगत नाहीत. फुलदाणीतलं फूल पाण्यात उभं असूनही तहानेनंच मरतं. देठाच्या तोंडाशी हवा अडकते, नाहीतर सडक्या पानांवर पोसलेले जंतू नळ्या बुजवून टाकतात आणि पाणी वर चढतच नाही. हे एकदा ध्यानात आलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

देठ पाण्यात बुडवून धरायचा आणि पाण्यातच कापायचा, म्हणजे कापलेल्या तोंडातून हवा आत जात नाही. तिरका कापायचा, कारण तोंड मोठं मिळतं आणि देठ भांड्याच्या बुडाला सपाट टेकून बंद होत नाही. जेवढा भाग पाण्याखाली जाणार तेवढ्यावरचं पान न् पान खुडून टाकायचं. झेंडूच्या बाबतीत तर यात अजिबात हयगय नको, त्याची पानं पाण्यात कुजली की दुसऱ्या दिवशी खोलीत बसवत नाही. पाणी रोज बदलायचं आणि बदलताना देठ नखभर कापायचा. झालं. साखर घाला, लिंबू पिळा, कपड्यांचं ब्लीच टाका असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. साखरेनं फुलाला अन्न मिळतं हे खरं, पण जंतूंनाही तेच मिळतं. आणि ब्लीच व लिंबू एकत्र केलं की क्लोरीन वायू सुटतो. तो खेळ प्रयोगशाळेत, पंखा लावून आणि सरांच्या देखरेखीखाली. स्वयंपाकघरात नको. शिवाय आंबट पाणी पितळेत राहिलं की कळकतं, ते वेगळंच.

आणखी एक. फुलं केळी-चिकूच्या टोपलीशेजारी मांडू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानं फुलं लवकर माना टाकतात. तुमच्या फोटोत लिलियमच्या शेजारी पिकल्या केळ्यांचा घड होता. फोटोपुरता तो छान दिसतो.

आता भांड्यांकडे येते. आमच्याकडे पितळ मोडीत काढायची लाट आली ती स्टीलबरोबर. सासूबाईंनी घंगाळ, मोठी पातेली आणि एक कळशी मोडीत घातली आणि स्टीलचे डबे घेतले. त्यांचंही चूक नव्हतं. कल्हईवाला गल्लीत यायचा बंद झाला होता आणि घासून घासून त्यांची बोटं वाकडी झाली होती. उरलंसुरलं माळ्यावर गेलं. पुढे मुलानं पुण्याला फ्लॅट घेतला, इथलं घर आवरायला काढलं, तेव्हा भंगारवाला काटा घेऊन दारात उभा राहिला. त्याला सगळं सारखंच. लोखंडाचा एक भाव, पितळेचा एक, तांब्याचा एक. मी त्याच्या काट्यावरून काही वस्तू परत उचलल्या आणि आता तीच माझी फुलदाण्यांची मांडणी आहे.

त्यातला पहिला मान तांब्याचा. फुलांसाठी याच्याहून सोयीचं भांडं मला तरी माहीत नाही. पोट मोठं, त्यामुळे पाणी भरपूर मावतं आणि बूड जड राहतं, मांजर अंगावरून गेलं तरी कलंडत नाही. गळा अरुंद, त्यामुळे देठ आपोआप एकत्र येतात. काठ बाहेरच्या बाजूला वळलेला, त्यावर देठ टेकला की फूल जरासं झुकतं. बांधायला नको, खोचायला नको. फुलांची उंची भांड्याच्या दीडपट ठेवली की डोळ्याला बरी वाटते, बाकी नियम मी पाळत नाही. आमच्या तांब्यावर लग्नातल्या आहेराची अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली आहेत. 'चि. सौ. कां.' दिसतं, पुढचं नाव घासून घासून पुसट झालंय आणि शेवटचं 'आत्याकडून' तेवढं शाबूत आहे. ती बाजू मी खोलीकडे करून ठेवते. तीन हजारांच्या फुलदाणीबरोबर आत्या येत नाही.

असली भांडी काढलीत तर एक करा. बाहेरून आरशासारखी चकचकीत करायच्या मागे लागू नका. चिंचेचा कोळ आणि रांगोळी घेऊन काठ, गळा आणि नक्षीचा उठलेला भाग तेवढा घासा, खाचांतला काळेपणा राहू द्या. त्या काळ्या रेघांमुळेच नक्षी दिसते. आतून मात्र पूर्ण स्वच्छ हवं, हिरवा कीट कुठं राहता कामा नये. तांबं जंतूंना वाढू देत नाही, आणि पितळेतही तांबं असतंच. तांब्याच्या गडूतलं पाणी काचेच्या ग्लासातल्यापेक्षा उशिरा वास मारतं असा माझा अनुभव आहे. तरीही रोज बदलाच.

रंगांचं म्हणाल तर पितळेत पिवळं फूल घालू नका. पिवळ्यात पिवळं बुडून जातं. पितळेला जांभळा आणि पांढरा रंग उठाव देतो. म्हणून मी वर अ‍ॅस्टर म्हटलं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'फुले गणेश' या नावानं अ‍ॅस्टरचे पांढरे, गुलाबी, जांभळे वाण काढलेत. मंडईतल्या मावशींना वाणाचं नाव सांगितलंत तर त्या तुमच्याकडे बघत राहतील. तिथं 'जांभळी द्या' म्हणायचं. नारिंगी झेंडू शोभतो तो लोणच्याच्या बरणीत, त्या पांढऱ्या-तपकिरी चिनी मातीच्या. तांब्याच्या गडूला गुलछडी किंवा पांढरी शेवंती. आणि एका भांड्यात एकच जातीचं फूल. फार तर दोन. पाच जातींची फुलं एकत्र केली की त्याला सत्काराचा गुच्छ म्हणतात.

लोणच्याच्या बरणीबद्दल एक सावधगिरी. जुन्या बरणीच्या झिलईला केसाएवढे तडे गेलेले असतात आणि वर्षानुवर्षांचं मीठ त्यात मुरलेलं असतं. नुसती धुऊन पाणी भरलंत तर ते मीठ पाण्यात उतरतं आणि फुलं संध्याकाळपर्यंत मलूल होतात. बरणी पाण्यानं काठोकाठ भरून ठेवावी, रोज पाणी बदलावं, आणि बाहेरच्या अंगाला पांढरी भुकटी यायची थांबली की मग फुलं घालावीत. घाई असेल तर बरणीत आधी काचेचा उभा ग्लास ठेवा आणि फुलं त्यात.

मापांची गोष्ट वेगळी. सासऱ्यांच्या वेळचं धान्याचं दुकान होतं, त्यामुळे आमच्याकडे चिपटं, मापटं, शेर, अधोली असा सगळा संच आहे, लोखंडी, पितळी पट्ट्यांचा. १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, मागोमाग किलो-लिटर आले आणि ही मापं दुकानातून उठून माळ्यावर गेली. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली. प्रत्येक माप आधीच्याच्या बरोबर दुप्पट, त्यामुळे ओळीनं मांडली की चढती पायरी तयार होते आणि काही न करताच सजावट अर्धी झालेली असते. लोखंड गंजतं म्हणून आत काचेचे ग्लास ठेवायचे. अडचण इतकीच की मापांचं तोंड रुंद. देठ कडेला पसरतात आणि मधे भोक दिसतं. यावर माझा उपाय म्हणजे जुन्या काचेच्या बांगड्या. सुनेच्या, माझ्या, जाऊबाईंच्या, हातात न जाणाऱ्या. दहा-पंधरा बांगड्या ग्लासात आडव्यातिडव्या टाकल्या की त्यांच्या जाळीत देठ हवा तसा उभा राहतो. ग्लास पारदर्शक असेल तर बांगड्यांचे रंगही दिसतात, पण मापात ठेवल्यावर ते झाकलेच जातात. त्याचं मला जरा वाईट वाटतं.

हॉलवाले यासाठी हिरवा स्पंज वापरतात, तो घरात आणू नका. तो प्लॅस्टिकचाच एक प्रकार आहे, कुजत नाही. हातानं दाबला की त्याची पूड होते आणि ती गटारातून नदीत जाते. आमच्याकडे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, आणि तिथं काय काय वाहून येतं ते आम्ही रोज बघतो. स्पंजाच्या जागी केळीचा खांब घ्या. सत्यनारायणाची पूजा झाली की खांब दुसऱ्या दिवशी बाहेर टाकलेले असतात. त्याची तीन बोटं जाडीची चकती कापायची, परातीत ठेवायची, खिळ्यानं भोकं पाडायची आणि आखूड देठाची फुलं टोचत जायची. केळीच्या सोपटात पाणी इतकं असतं की वेगळं घालावंच लागत नाही. फुलं उतरली की चकती गाईपुढे.

कराडच्या माणसानं जुन्या भांड्यांवर लिहायचं आणि कंदील वगळायचा, हे शक्य नाही. आमच्या शेजारी ओगलेवाडी आहे. १९१६ साली ओगले बंधूंनी तिथं काचेचा कारखाना काढला, औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आश्रय दिला, आणि 'प्रभाकर' कंदील घराघरात गेला. त्याच्या आधी, १९०८ साली, लोकांकडून पैसा पैसा गोळा करून तळेगाव दाभाड्याला पैसा फंड काच कारखाना उभा राहिला होता. ते तळेगाव आता फुलांचं गाव झालंय. त्या मावळ भागातल्या हरितगृहांतले गुलाब फेब्रुवारीत विमानानं परदेशी जातात. १४ फेब्रुवारी उलटली की गुलाबाचा भाव कसा उतरतो ते पाहा, आणि खरेदी तेव्हा करा. प्रेमाला उशीर चालतो.

तर कंदील. आमच्या प्रभाकरचा पत्रा गंजून गेला, पण काच वाचली. कंदिलाची काच दोन्ही तोंडांनी उघडी असते. खोल पितळी वाटग्यात पाणी घ्यायचं, त्यात काच उभी करायची आणि वरच्या तोंडातून गुलछडीच्या दोन-तीन काड्या सोडायच्या. पाणी वाटग्यात असेल तेवढंच आत राहतं, चार बोटं. गुलछडीला ते पुरतं. काचेच्या फुगीर पोटात देठ जरा मोठे होऊन दिसतात आणि वर पांढऱ्या कळ्या. गुलछडी खालून वर उमलत जाते. खालची फुलं पिवळी पडली की ती चिमटीनं काढत राहायची, मग वरच्या कळ्यांची पाळी येते. अशी निगा ठेवली तर एक काडी आठवडा काढते. संध्याकाळी वास सुटतो तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करावासा वाटतो. डोकं दुखणाऱ्यांनी मात्र ती निजायच्या खोलीत ठेवू नये.

आता खरी अडचण सांगते, जी पुण्या-मुंबईच्या लेखकांच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे फूल विकलं जातं ते देवासाठी. शेवंती, झेंडू, गुलाब, सगळं सुटं, तराजूत घालून. देठ मुळात नसतोच! अ‍ॅस्टर आणि गुलछडी तेवढी जुडीनं मिळते. मग लांब देठांच्या ऑर्किडचे फोटो बघून बाई मंडईत जाते, देठवालं फूल मिळत नाही, आणि येताना प्लॅस्टिकचा गुच्छ घेऊन येते. तो कपाटावर धूळ खात वर्षानुवर्षं बसतो. फूलउत्पादक शेतकरी त्यावर बंदी मागतायत आणि ती त्यांनी मागावीच, पण तोवर आपण सुट्या फुलांचं काय करायचं ते शिकायला काय हरकत आहे?

सुट्या फुलांना उथळ भांडं लागतं, आणि उथळ भांड्यांची आपल्या घरात कधीच वाण नव्हती. परात, थाळी, घंगाळ. हॉटेलांच्या दारात हल्ली पाण्यानं भरलेली मोठी उरळी, म्हणजे दक्षिणेकडचं पसरट भांडं, आणि त्यात पाकळ्यांच्या नक्ष्या असतात. आपलं घंगाळ तेच काम करतं आणि त्याला कड्याही असतात. ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी मोडीत घालू नका. पाकळ्या तोडून पसरण्यापेक्षा अख्खी फुलं तरंगवा, जास्त टिकतात.

पण माझं सगळ्यात आवडतं उथळ भांडं म्हणजे पानाचा डबा. आजेसासूबाईंचा, पितळी, आत कप्पे. कात, चुना, सुपारी, लवंग असं ज्याचं त्याचं घर ठरलेलं. झाकण उघडं ठेवायचं, चुन्याचा कप्पा आधी नीट खरवडून धुवायचा, आणि प्रत्येक कप्प्यात बोटभर पाणी घालून एकेक जात भरायची. एकात पांढरी तगर, एकात अबोली, एकात गुलाबी सदाफुली, एकात झिपरी शेवंती. मधल्या मोठ्या कप्प्यात जिथं पानं असायची तिथं मरवा आणि तुळशीच्या मंजिऱ्या. देठाची गरज नाही, पैसे जवळजवळ नाहीत, कारण यातलं निम्मं दाराशीच मिळतं. जास्वंद घालायची असेल तर ती एका दिवसाची पाहुणी, पाण्यात ठेवली काय अन् न ठेवली काय, रात्री मिटणारच. घरात लहान मूल असेल तर कण्हेर आणि बिट्टी मात्र कुठल्याच भांड्यात नको. दोन्ही विषारी, चीक हाताला लागला तर हात धुवावेत.

देठ हवाच असेल तर गच्चीवर लावा. झिनिया आणि कॉसमॉस यांना काही म्हणजे काही लागत नाही, ऊन तेवढं द्या. आमच्या गच्चीवर अजून एक डालड्याचा डबा आहे, पिवळा, हिरव्या माडाच्या चित्राचा. एके काळी प्रत्येक चाळीच्या कठड्यावर तुळस याच डब्यात असायची. त्याच्या बुडाला भोकं आहेत म्हणून तो फुलदाणीच्या कामाचा नाही, पण त्यात झिनिया झकास येतो आणि देठ हातभर लांब मिळतो. झिनिया तोडण्याआधी देठ फुलाखाली वीतभर अंतरावर धरून हलवून पाहा. मान लटपटली तर फूल अजून कच्चं आहे, दोन दिवस थांबा. ताठ राहिली तर तोडा. एकेकटं फूल शाईच्या जुन्या दौतीत किंवा मात्रेच्या खुणा असलेल्या औषधाच्या बाटलीत ठेवलं की खिडकीत पुरेसं होतं.

आणि या दिवसांत आमच्या भागात एक फुलोरा फुकट असतो, ज्याच्याकडे कुणी फुलोरा म्हणून बघत नाही. उसाचा तुरा. डिसेंबरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फडांवर रुपेरी, किंचित जांभळट तुरे डोलायला लागतात. मी दिरांना बांधावरचे चार तुरे आणायला सांगितले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुरा आला म्हणजे वाढ थांबली, साखरेचा उतारा घटला. आम्ही कपाळाला हात लावतोय आणि तुम्ही दिवाणखान्यात मांडताय?" म्हटलं, भावजी, तुरा तर आलाच आहे. आणले त्यांनी. उरलेल्या एका तांब्याच्या कळशीत, पाणी न घालता, ते उभे केले. काठाशी शेपूच्या जुड्यांतला वर आलेला पिवळा फुलोरा, छोट्या बाटलीत पाणी घालून, बाटली कळशीच्या गळ्यात बसवली. तुऱ्याचं जवळून बघण्यासारखं असतं. प्रत्येक काडीला रेशमासारखे केस, त्यात इवलीशी फुलं, वाऱ्याची झुळूक आली की एक केस सुटून तरंगत जातो. त्यामुळे पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर घरभर म्हातारीच्या केसांसारखा कापूस. थंडीत पंखा लागतो कुणाला?

कुणी म्हणेल, बाई देशी फुलांचा झेंडा घेऊन निघाल्या. तसं नाही. झेंडू, गुलछडी, झिनिया, कॉसमॉस, डेलिया ही सगळी मंडळी मूळची मेक्सिकोकडची आणि शेवंती चीनची. दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूला आपण गाव विचारत नाही, ऑर्किडलाही विचारणार नाही. ऑर्किडवर माझा आक्षेप खिशाचा आहे. महिन्याच्या दूधबिलाएवढे पैसे एका संध्याकाळच्या फुलांवर घालायचे नसतील त्यांनाही रंगीत घराचा हक्क आहे, आणि तुमच्या पुरवणीचे बहुतेक वाचक त्यातलेच.

हळदीकुंकवाचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडे काय होतं तेही सांगते. यजमान गेले त्या वर्षीपासून मला हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. लोक वाईट नाहीत, त्यांना अवघड वाटतं. मग मीच संक्रांतीनंतरच्या एका दुपारी सगळ्यांना फुलं बघायला बोलावते. ज्यांना बोलावतात त्यांनाही आणि ज्यांना बोलावत नाहीत त्यांनाही. दारात गुलाबदाणी, आत मापांची ओळ, पानाचा डबा, कंदील. तिळगूळ सगळ्यांना. वाण म्हणून प्लॅस्टिकची वाटी देण्याऐवजी झिनियाच्या बियांची कागदी पुडी देते, घरच्याच वाळल्या फुलांतून काढलेली. पावसाळ्यात आमच्या गल्लीत कुठल्या कुठल्या कठड्यांवर झिनिया दिसतो ते बघून कोण कोण आलं होतं ते कळतं.

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. पुरवणीत सोन्या-चांदीचे आणि भाजीपाल्याचे भाव येतात, तसं एका ओळीत या आठवड्यात जिल्ह्याच्या बाजारात कुठलं फूल आलंय आणि जुडीला काय पडतंय ते छापा. माणसं फोटो बघून नव्हे, भाव बघून घराबाहेर पडतात. दुसरी मागणी शेतकऱ्यांपर्यंत पोचवा. शेवंतीचा थोडा तरी माल दांडीसकट आणा. घेणाऱ्या आम्ही आहोत. मंडईतल्या आमच्या फूलवाल्या मावशी सांगितल्यावर शनिवारी माझ्यासाठी दांडीची शेवंती वेगळी ठेवतात. आता तीच शेवंती आणखी दोघी-तिघी मागायला लागल्यात आणि मला लवकर जावं लागतं.

पत्र छापलंत तर नाव छापू नका. छापलं तर गल्लीतले लोक आपापली मोडीतली भांडी घेऊन 'यातलं काय ठेवू' विचारायला दारात येतील, आणि विचारून झाल्यावर ती माझ्याकडेच सोडून जातील. माझा माळा भरलेला आहे.

कळावे,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कराड